जपानहून आलेल्या जुन्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

रोज चालवली तर गाडीची काही तक्रार नसते. दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ नुसता कट-कट करतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात आणि गाडी गप्प होते. जंप दिला की चालू होते, पुढचा आठवडा ठीक जातो. गॅरेजवाला बॅटरीकडे बघतो, ‘बॅटरी गेली’ म्हणतो आणि नवी बसवून देतो. महिन्या-दोन महिन्यांनी तेच सगळं पहिल्यापासून.

माझ्या गाडीत पाच महिन्यांत तीन बॅटऱ्या बसल्या. तिन्ही चांगल्या होत्या, हे मला चौथी घ्यायच्या वेळी कळलं. जपानहून जुनी गाडी आणणाऱ्या चार ओळखीच्यांनी हीच तक्रार सांगितल्यावर मी त्यांच्याही गाड्या उघडून बघितल्या. पाचही गाड्यांत गाडीचं मूळ वायरिंग निर्दोष निघालं. खोट होती ती नंतर जोडलेल्या वायरींमध्ये. काही आधीच्या मालकाने जपानमध्ये जोडलेल्या, काही गाडी बंदरातून बाहेर आल्यावर विक्रेत्याने घाईत जोडलेल्या. या गाडीला आपल्या आधी एक आयुष्य होतं आणि त्या आयुष्यातल्या वस्तू डॅशबोर्डच्या मागे तशाच राहिलेल्या असतात. त्या कशा शोधायच्या ते मी केलं त्याच क्रमाने लिहितो. लागणारी हत्यारं थोडी आहेत: एक बरा मल्टीमीटर, १० नंबरचा पाना, दोन क्रोकोडाइल क्लिपची एक जाड वायर आणि शांत डोक्याचे दोन तास.

बॅटरी खरंच गेली आहे का?

गाडी किमान सहा तास उभी राहिल्यावर, दार न उघडता जमलं तर उत्तम, बॅटरीच्या दोन खुंटांवर (टर्मिनलवर) व्होल्टेज मोजा. साध्या लेड-अॅसिड बॅटरीला १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. भरलेली बॅटरी इथे धाडकन खाली गेली तर ती खरोखर गेली आहे. रिकामी बॅटरी खाली गेली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आधी चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरा, मग पुन्हा तपासा. माझ्या पहिल्या दोन बॅटऱ्या रिकाम्या अवस्थेत तपासूनच बाद ठरवल्या गेल्या. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चार्जरवर एक रात्र ठेवून त्या वाचल्या असत्या.

गाडीसोबत जपानहून आलेल्या बॅटरीचा मात्र फार भरवसा धरू नका. जपानमध्ये जुन्या गाड्या विकल्या जातात ते लिलावाचं मैदान, मग बंदरावरचं अंगण, जहाज आणि पुन्हा इकडचं बंदर, असे कित्येक आठवडे गाडी उभीच असते. उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्ण भरत नाही. ही बॅटरी एकदा बदलावी लागते, त्यात गैर काही नाही. दुसरी आणि तिसरी बदलायची वेळ आली तर थांबून शोध घ्या.

खुंट बारीक, क्लॅम्प जाड

ही चूक बाहेरून आलेल्या गाड्यांतच जास्त दिसते, म्हणून यावर थोडा वेळ घालवतो.

जपानी बॅटरीवर ४६बी२४एल असा काहीतरी कोड असतो. पहिला आकडा बॅटरीच्या कामगिरीचा दर्जा सांगतो. तो अँपिअर-तास नाही. पुष्कळजण इथे फसतात, कारण ४६बी२४एल ची पाच तासांच्या दराने क्षमता ३६ अँपिअर-तास असते. मधलं अक्षर रुंदी आणि उंचीचा गट, पुढचा आकडा सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे धन टर्मिनल कोणत्या बाजूला ते. बी गटातल्या बऱ्याच बॅटऱ्यांचे खुंट बारीक असतात. बुडाशी धन खुंट १४.७ मिलिमीटर, ऋण खुंट १३ मिलिमीटर. जगात इतरत्र सर्रास मिळणाऱ्या बॅटऱ्यांचे खुंट जाड असतात, १९.५ आणि १७.९ मिलिमीटर.

बारीक खुंटांची बॅटरी मिळाली नाही की दुकानदार जाड खुंटांची देतो आणि मूळ क्लॅम्प (केबलच्या टोकाची खुंटाला आवळणारी कडी) स्क्रूड्रायव्हरने फाकवून वरून ठोकून बसवतो. किंवा कोणीतरी आधीच क्लॅम्प जाड मापाचे करून ठेवलेले असतात आणि आता बारीक खुंटांची बॅटरी आली की फटीत पत्र्याची पट्टी कोंबली जाते. माझ्या गाडीत अशीच पट्टी होती, बहुधा कुठल्यातरी डब्याच्या झाकणाची. वरून ग्रीस फासलेलं असल्याने दिसत नव्हती. क्लॅम्प हाताने पिळून बघितला तर घट्ट वाटला. ग्रीस पुसल्यावर मात्र पट्टीच्या कडेला पांढरट हिरवा थर दिसला, आणि क्लॅम्प वर उचलताच पट्टी दोन तुकडे होऊन बॅटरी ट्रेमध्ये पडली.

हे डोळ्यांनी कळत नाही, मीटरने कळतं. मीटरचं एक टोक शिशाच्या खुंटाच्या मधोमध टेकवा, दुसरं क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारायला सांगा. सांधा चांगला असेल तर आकडा शून्याच्या जवळच राहतो. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर तिथे अडथळा आहे. माझ्याकडे ०.७ आला. याच पद्धतीने बॅटरीचा ऋण खुंट आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यातही मोजा, म्हणजे अर्थिंगची पट्टी कळते. जपानच्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ टाकतात. तिकडून आलेल्या गाडीत इंजिन ते बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजलेली असू शकते, वरून प्लास्टिक छान दिसत असलं तरी.

उपाय साधा आहे: क्लॅम्प बदलून खुंटांच्या मापाचे घ्या, किंवा बॅटरी मूळ मापाची घ्या. पट्टी, तार, चेपलेला खिळा यांतलं काही नको. आणि एल किंवा आर चुकवू नका. बाजू चुकली की केबल ताणून आणावी लागते, ती बॅटरी धरून ठेवणाऱ्या पट्टीवर घासते, आणि धन केबल तिथे सोलली गेली तर आगीचा धोका आहे.

अल्टरनेटरवर लगेच आळ घेऊ नका

अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. पण अलीकडच्या अनेक जपानी गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग संगणक ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो अल्टरनेटर सैल सोडतो, आणि मीटर १२.८ किंवा त्याहून थोडं कमी दाखवतो. एवढ्यावरून अल्टरनेटर उतरवायला देऊ नका. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि पंखा चालू करा. आकडा १४ च्या आसपास चढला तर अल्टरनेटर ठणठणीत आहे.

अशा गाड्यांत ऋण क्लॅम्पवरच एक छोटा करंट सेन्सर बसवलेला असतो. बॅटरीतून किती गेलं आणि किती आलं याचा हिशेब तो ठेवतो. कोणी अॅम्प्लिफायरची किंवा कॅमेऱ्याची अर्थ वायर थेट ऋण खुंटाला जोडली, तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो आणि संगणकाला बॅटरी आहे त्यापेक्षा भरलेली वाटते. जादा वस्तूंची अर्थ वायर नेहमी बॉडीला जोडा.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनाची गाडी असेल तर बॅटरीवर एम-४२, एन-५५, क्यू-८५, एस-९५ असे वेगळे कोड दिसतील. तिथे त्याच प्रकारची बॅटरी लागते. साधी बसवली तर ती लवकर थकते आणि दोष गळतीवर, म्हणजे बंद गाडीने करंट पिण्यावर जातो.

गळती मोजणं

खुंट, क्लॅम्प, चार्जिंग सगळं ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर बंद गाडी करंट पिते आहे. आता खरं काम.

मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. ऋण क्लॅम्प सरळ काढून मधे मीटर घालू नका. एकदा वीज तुटून परत आली की गाडीतले संगणक जागे होतात, आणि जपानी नॅव्हिगेशन असेल तर ते कुलूप लावून बसतं. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी क्रोकोडाइल क्लिपच्या वायरचं एक टोक ऋण खुंटाच्या बुडाशी आणि दुसरं ऋण केबलच्या धातूला लावा. मग क्लॅम्प ढिला करून उचला. करंट आता त्या वायरमधून जातोय, वीज तुटलेली नाही. मीटरची दोन टोकं त्याच दोन ठिकाणी पक्की करा.

ड्रायव्हरचं दार उघडं ठेवावं लागतं, कारण फ्यूज बॉक्स आत असतो. दाराच्या कडेवरच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ मोकळी करायला विसरू नका, नाहीतर कुलूप मोडेल. स्मार्ट की घरात, गाडीपासून लांब ठेवा. मग चाळीस मिनिटं काहीही करू नका. संगणक एकेक करून झोपतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. चाळीस मिनिटांनी क्रोकोडाइलची वायर काढा आणि आकडा वाचा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. मीटरचा फ्यूज उडतो.

०.०२ ते ०.०५ अँपिअर म्हणजे गाडी निरोगी आहे. घड्याळ, कुलूप, संगणकाची स्मृती यांना एवढं लागतंच. माझ्या मीटरवर ०.३८ होता, आणि तो हलतच नव्हता. हिशेब करून बघा: ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-तासांपेक्षा थोडं जास्त. ३६ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत अर्धी, आणि तिसऱ्या सकाळी सेल्फ कट-कट. महिनोन्महिने जे नशीब वाटत होतं ते एका गुणाकारात उलगडलं. त्या क्षणी मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही.

आता एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते बघायचं. त्याहून चांगली पद्धत म्हणजे आधी क्रोकोडाइलची वायर परत लावून मीटर मोकळा करणं आणि मग फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टवर लावून टेकवत जाणं. ज्या फ्यूजमधून करंट वाहत नाही तिथे शून्य येतो, जिथे वाहतो तिथे थोडा का होईना आकडा दिसतो. यात कुठलाही संगणक जागा होत नाही. फ्यूज काढून परत घातला की बरेचदा एखादा संगणक जागा होतो, पुन्हा थांबावं लागतं आणि माणूस वैतागून काम सोडून देतो.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जपानी अक्षरं असली तर मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून देतो. पण बरेचसे फ्यूज रोमन अक्षरांतल्या संक्षेपांनीच लिहिलेले असतात: डोम, ईसीयू-बी, हॅझ, स्टॉप, हॉर्न. हे चावी काढल्यावरही जिवंत असतात, म्हणून आधी इथेच बघा. इंटरनेटवरचा नकाशा डोळे मिटून वापरू नका. विट्झ जपानबाहेर यारिस म्हणून विकली गेली, फिट जॅझ म्हणून, डेमिओ माझ्दा २ म्हणून. पण भावंडं असली तरी फ्यूजची मांडणी तीच असेल असं नाही. कागदावर किंवा इंजिनच्या मागच्या पत्र्यावर असलेला मॉडेल कोड आणि चासी नंबर टाकून शोधा. जपानी बाजारातल्या गाड्यांचा चासी नंबर १७ अक्षरी नसतो. आधी मॉडेल कोड, मग आडवी रेघ, मग आकडे. त्या कोडवरून अचूक पिढी कळते.

माझ्या गाडीत डोमच्या फ्यूजवर आकडा आला. तो काढला आणि ०.३८ चे ०.०३ झाले. नावावरून हा आतल्या दिव्याचा फ्यूज. पण अनेक जपानी गाड्यांत रेडिओ किंवा स्क्रीनची कायमची वीजही याच फ्यूजवरून जाते.

स्क्रीनच्या मागे काय होतं

पहाटे उठून, चावी न लावता, मी स्क्रीनच्या बाजूची प्लास्टिकची पट्टी काढली आणि बोटं आत घालून युनिटची पाठ चाचपली. कोमट होती. गाडी आदल्या संध्याकाळी सातला बंद केलेली.

ही गोष्ट कशी घडते ते समजून घेणं फार महत्त्वाचं आहे, कारण आयात केलेल्या गाड्यांमध्ये ही साखळी पुन्हा पुन्हा दिसते. प्रवासात बॅटरी उतरते किंवा काढली जाते. बऱ्याच जपानी नॅव्हिगेशन युनिटना वीज तुटली की परत चालू होताना मूळ नकाशाचं कार्ड किंवा गुप्त कोड लागतो. कार्ड हरवलेलं असतं, कोड जपानमधल्या मालकालाच माहीत. स्क्रीनवर जपानी अक्षरं गोठून राहतात. जरी चालू झालंच तरी जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुने रेडिओ ९० वरच थांबतात, तर जगात बहुतेक ठिकाणी स्टेशनं ८७.५ ते १०८ मध्ये असतात. म्हणून विक्रेता ते युनिट उपटून अँड्रॉइड स्क्रीन बसवतो. गिऱ्हाइकालाही मोठी स्क्रीन आवडते.

अँड्रॉइड स्क्रीनला दोन वीजतारा हव्यात. पिवळी म्हणजे कायमची वीज, स्मृतीसाठी. लाल म्हणजे चावीबरोबर येणारी आणि जाणारी, जिच्यावरून युनिटला झोपायचं कधी ते कळतं. माझ्या गाडीत विक्रेत्याच्या माणसाला चावीची तार सापडली नसावी. त्याने पिवळी आणि लाल एकत्र पिळून दोन्ही कायमच्या विजेवर टाकल्या होत्या, वरून काळी टेप. स्क्रीन बटणाने काळी होत होती, पण आतून युनिट रात्रंदिवस जागं होतं. त्याच गाठीत मागच्या कॅमेऱ्याची तारही होती, म्हणजे कॅमेराही चोवीस तास बघत होता.

उलटही घडतं. लाल आणि पिवळीची अदलाबदल झाली असेल तर चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दर वेळी घड्याळ शून्यावर येत असेल तर तिथेच बघा.

दुरुस्ती अशी केली. सगळी काळी टेप सोडवली. मल्टीमीटर लावून प्रत्येक तार चावी तीन स्थितींत असताना मोजली: काढलेली, पहिला खटका, दुसरा खटका. पहिल्या खटक्याला १२ व्होल्ट देणारी आणि चावी काढताच शून्यावर येणारी तार मूळ सॉकेटमध्येच होती, फक्त तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. लाल तार तिला जोडली, कॅमेऱ्याची तार रिव्हर्सच्या दिव्याला. टेपऐवजी झाळ देऊन वर आकसणारी नळी चढवली. शक्य असेल तर पिळलेल्या तारांऐवजी तुमच्या मॉडेलला बसणारा तयार सॉकेट अॅडॉप्टर वापरा. तो खोचला की मूळ वायरिंग कापावंच लागत नाही, आणि काही बिघडलं तर काढून टाकता येतो.

नंतरचा आकडा ०.०३ होता. मग गाडी मुद्दाम नऊ दिवस उभी ठेवली. दहाव्या दिवशी १२.५ व्होल्ट, आणि सेल्फने पहिल्याच झटक्यात घेतलं.

इतर कोपरे

स्क्रीन निर्दोष निघाली तर पुढचं शोधा.

जपानमध्ये टोलसाठी ईटीसीचा छोटा डबा असतो, बहुधा स्टिअरिंगच्या खाली उजवीकडे किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात (ग्लव्ह बॉक्समध्ये). गाडी चालू केली की जपानीत एका बाईचा आवाज येत असेल तर तो हाच, कार्ड घातलेलं नाही असं सांगतोय. जपानबाहेर त्याचा काही उपयोग नाही. सॉकेट ओढून काढा, तार कापू नका.

ड्राइव्ह रेकॉर्डरला (डॅशकॅमला) पार्किंगमध्येही चित्रण करण्यासाठी कायमची वीज दिलेली असते. त्याच्या किटमध्ये बॅटरी किती व्होल्टवर आली की बंद व्हायचं ती मर्यादा ठरवता येते. ती १२ च्या खाली असेल तर सकाळपर्यंत सेल्फपुरती ताकद उरत नाही. वाढवा, किंवा तार चावीच्या विजेवर घ्या.

दूरवरून इंजिन चालू करणारा रिमोट स्टार्टर जपानच्या थंड भागात खूप बसवतात. रिमोट लिलावातच हरवतो, डबा मात्र संदेशाची वाट बघत जागा राहतो. समोरच्या काचेच्या आतून चिकटवलेली बोटभर लांबीची अँटेना दिसली तर तिची तार धरून मागे मागे जा. हा काढताना मात्र जाणकार वायरमन सोबत घ्या. तो चावीच्या जाड तारांवर बसवलेला असतो आणि चुकीची तार सोडली तर गाडी चालूच होणार नाही.

टर्बोच्या गाडीत टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा डबा), रेडिओच्या अँटेनावर लावलेला एफएम बँड बदलणारा डबा, जुना अलार्म, पायांखालचे निळे दिवे. कुठेही निळी किंवा लाल प्लास्टिकची चिमटी मूळ तारेला चावून बसलेली दिसली की समजा, कोणीतरी पाहुणी तार जोडली आहे. त्या चिमट्यांच्या आत पातळ तार कालांतराने तुटते किंवा गंजते, म्हणून जोड हवाच असेल तर झाळ द्या.

सगळे फ्यूज काढूनही करंट वाहतोच आहे का? मग तो फ्यूज बॉक्सच्या आधीच वळतोय. अशा वेळी अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) संशयित असतो, कारण त्याची जाड तार बॅटरीशी थेट जोडलेली असते. ऋण क्लॅम्प काढा, अल्टरनेटरची ती तार सोडवून टेपने गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर डायोड.

आणि आकडा कधी ०.०३, कधी ०.५ असा आपोआप बदलत असेल, तर एखादा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटतोय किंवा कार्पेटखालच्या जोडांत ओल आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून खालच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, सीटच्या रुळांखालचे बोल्ट गंजलेत का बघा, कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल तर गळती एका जागी सापडणार नाही. इथे मी कोणालाही एकेक जोड बदलत बसायचा सल्ला देत नाही. विक्रेत्याशी बोला.

हायब्रिड असेल तर

हायब्रिडलाही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, पुष्कळ गाड्यांत डिकीत. तिला अल्टरनेटर नाही. गाडी चालायला तयार होऊन डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसलं तरच मोठ्या बॅटरीतून तिला चार्ज मिळतो. नुसती चावी लावून गाणी ऐकत बसलात तर ती उतरतच जाते. डिकीतली बॅटरी बदलताना गॅस बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडायची, आणि बॅटरी त्याच जातीची घ्यायची. डिकीत उघड्या वाफेची साधी बॅटरी नको. नारिंगी केबलना हात लावू नका. स्मार्ट की गाडीजवळच्या खुंटीला टांगायची सवय असेल तर ती बदला. जवळ असलेली की गाडीला पुन्हा पुन्हा उठवू शकते.

अजून गाडी घेतलेली नसेल तर

लिलावाचा कागद मागा, त्याच्या मूळ प्रतीचा फोटो. त्यावर गाडीत मूळ काय काय बसवलेलं होतं याची नोंद असते. कागदावर कंपनीचं नॅव्हिगेशन लिहिलंय आणि समोर अँड्रॉइड स्क्रीन दिसतेय, तर तारा कोणीतरी कापल्या आहेत किंवा जोडल्या आहेत. त्या कोणी, कशा जोडल्या ते विचारा, आणि मूळ युनिट विक्रेत्याकडे असेल तर ते मागून घ्या. त्याच कागदावर गाडीच्या दर्जाच्या जागी आर किंवा आरए लिहिलेलं असेल तर अपघातानंतर दुरुस्ती झाली आहे. अशा गाडीत पुढच्या बाजूचं वायरिंगही तपासा.

विक्रेत्याकडे जाताना सकाळची पहिली वेळ घ्या आणि आधी कळवा की गाडी रात्रभर बंद ठेवावी, चार्जर लावू नये. पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनला हात लावा. गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर मीटर खुंटांवर टेकवा आणि आकडा वहीत लिहा. मग वर लिहिल्याप्रमाणे क्रोकोडाइलची वायर लावून गळती मोजायची परवानगी मागा. चाळीस मिनिटं लागतात. विक्रेता शेजारी बसून तो आकडा तुमच्याबरोबर बघेल तर फारच छान, कारण मग दुरुस्ती कोणी करायची ते तिथल्या तिथे ठरवता येतं.

शेवटी काही किरकोळ गोष्टी, बॅटरी काढावीच लागली तर. काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी. लावल्यावर इंजिन काही मिनिटं वर-खाली फिरू शकतं, त्याला गरम होईपर्यंत रिकामं चालू द्या. एका बटणात वर जाणाऱ्या काचा आपोआप वर जायचं विसरतात. काच पूर्ण वर करून बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की बऱ्याच गाड्यांत आठवतं. आणि फ्यूज बॉक्सचा नकाशा मराठीत कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवून ठेवा. माझ्या कागदावर डोमसमोर लिहिलंय: ‘आतला दिवा, घड्याळ आणि स्क्रीनची पिवळी तार’.